‘सायको’ चित्रपटाचीं वयोमर्यादा-प्रमाणपत्रें : एक छाननी

आमच्या मंडळाच्या एका जुन्या सभासदांनीं, ज्यांच्या संग्रहांतील मोडी कागदांचा उपयोग अभ्यासकांस पूर्वीं अनेकदां झाला आहे, गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमच्याकडे एक प्रश्न पाठविला. तो कागदपत्रांविषयीं नव्हता. त्यांच्या घरीं दोन नातवंडें आलीं होतीं. नात बारा वर्षांची, नातू नऊ वर्षांचा. दोघांनीं आल्फ्रेड हिचकॉक याचा ‘सायको’ हा १९६० सालचा प्रसिद्ध चित्रपट पाहावयाचा असा हट्ट धरिला. आजोबांनीं तो स्वतः पाहिला नव्हता. चौकशी करितां त्यांस दोन दाखले मिळाले. पहिला अमेरिकेचा : सतरा वर्षांखालील मुलांनीं आईबापांच्या किंवा पालकांच्या सोबतीनें पाहावा. दुसरा इंग्लंडचा : पंधरा वर्षांखालील मुलांसाठीं नाहीं, मग सोबत कोणीहि असो. पहिल्या दाखल्याप्रमाणें आजोबा शेजारीं बसले म्हणजे नऊ वर्षांच्या मुलासहि मोकळीक. दुसऱ्याप्रमाणें चौदा वर्षांच्या मुलासहि बंदी. “एकाच प्रसंगाचीं दोन पत्रें परस्परविरुद्ध निघालीं म्हणजे तुम्ही निवाडा करितां, तसा याचाहि करावा,” असें त्यांनीं लिहिलें.

हें त्यांनीं थट्टेनें लिहिलें असावें. परंतु विचार करूं लागतां आम्हांस असें दिसून आलें कीं, थट्टेंत तथ्य आहे. वयोमर्यादेचें प्रमाणपत्र हा एक दस्तऐवजच होय. त्यास मिति आहे, शिक्का आहे, तो देणारें दफ्तर आहे, आणि ज्या प्रतीवर तो दिला ती प्रतहि आहे. या चार गोष्टी न पाहतां नुसता शेरा उचलून आपल्या घरांत लागू करणें म्हणजे मिति फाटलेल्या पत्रावरून लढाईचा दिवस ठरविण्यासारखें आहे. शिवाय येथें चूक झाली तर ती पुढील अंकांत दुरुस्त करितां येत नाहीं. मुलाच्या मनांत एकदां शिरलेलें चित्र परत काढून घेतां येत नाहीं. म्हणून मिळालेला पुरावा क्रमानें तपासून येथें मांडीत आहों. ज्यांनीं चित्रपट पाहिला नसेल त्यांचा पुढील मजकुरानें रसभंग होईल. त्यास उपाय नाहीं.

प्रथम मूळ वस्तु काय आहे तें सांगतों. रॉबर्ट ब्लॉक याची याच नांवाची कादंबरी १९५९ सालीं निघाली. तिच्या मुळाशीं अमेरिकेंतील विस्कॉन्सिन प्रांतांत १९५७ सालीं उघडकीस आलेलीं एड गीन याचीं अघोरी कृत्यें होतीं. जोसेफ स्टेफॅनो यानें पटकथा लिहिली, व बर्नार्ड हरमन यानें केवळ तंतुवाद्यांवर संगीत बसविलें. रंगीत चित्रपट सर्रास निघत असतां हिचकॉकनें हा कृष्णधवल ठेविला, आणि आपल्या दूरचित्रवाणी-मालिकेवरील माणसें हाताशीं घेऊन सुमारें आठ लाख डॉलर खर्चांत तो पुरा केला. लांबी १०९ मिनिटें. मॅरियन क्रेन नांवाची तरुणी मालकाच्या कचेरींत आलेले चाळीस हजार डॉलर घेऊन पळते, आडरस्त्यावरील एका मोटेलांत रात्रीपुरती उतरते, आणि तेथील स्नानगृहांत सुरीनें तिचा खून होतो. मोटेलाचा लाजाळू चालक नॉर्मन बेट्स हा आईच्या धाकांत असलेला दिसतो, व खून त्या आईनें केला असें आपण समजतों. तपासास आलेला आर्बोगास्ट हा खाजगी गुप्तहेरहि मारला जातो. अखेरीस उघड होतें तें असें कीं, आई दहा वर्षांपूर्वींच मेलेली आहे. तिचें प्रेत नॉर्मननें घरांत जपून ठेविलें आहे. आणि तिचीं वस्त्रें लेवून, तिच्याच आवाजांत बोलून, खून करणारा तोच आहे.

आतां बाह्य पुरावा. अमेरिकेंत १९३० सालीं ठरलेली व १९३४ पासून कडकपणें अंमलांत आलेली निर्माण-संहिता १९६० सालींहि चालू होती. तिच्यांत वयाच्या पायऱ्याच नव्हत्या. शिक्का मिळाला म्हणजे चित्रपट आबालवृद्धांस मोकळा. न मिळाला तर बड्या चित्रगृहांत कोणासच नाहीं. (कांहीं शहरांचीं व प्रांतांचीं स्वतःचीं परीक्षणमंडळें होतीं, तीं निराळीं.) ‘सायको’स हा शिक्का मिळतांना जी ओढाताण झाली तिची एक आख्यायिका सांगतात. जेफ्री शर्लॉक याच्या कचेरींतील परीक्षकांपैकीं कांहींस स्नानगृहाच्या दृश्यांत उघडें अंग दिसलें, कांहींस दिसलें नाहीं. हिचकॉकनें प्रत थोडे दिवस आपल्याकडे ठेवून जशीच्या तशी परत पाठविली. तेव्हां ज्यांस आधीं दिसलें होतें त्यांस दिसेनासें झालें, आणि ज्यांस दिसलें नव्हतें त्यांस दिसूं लागलें. या कथेस बखरीचा वास येतो, आणि सांगणारे बहुधा हिचकॉकच्या बाजूचे आहेत, हें ध्यानांत ठेवावें. तथापि तिच्यावरूनहि एवढें दिसतें कीं, वाद होता तो अंगप्रदर्शनाचा. मुलांनीं भ्यावें कीं न भ्यावें हा प्रश्न त्या कचेरीपुढें नव्हताच, कारण तिच्या दफ्तरांत त्यासाठीं रकानाच नव्हता. कॅथॉलिक पंथाच्या ‘लीजन ऑफ डीसेन्सी’ या संस्थेनें चित्रपटास ‘बी’ वर्गांत, म्हणजे अंशतः आक्षेपार्ह म्हणून, घातलें. तोहि निर्णय सर्व वयांस एकच होता.

चित्रगृहाच्या दारावर मात्र एक कडक नियम लाविलेला होता. चित्रपट सुरू झाल्यावर कोणासहि आंत घेऊं नये, अशी हिचकॉकची आज्ञा होती, आणि ती पाळली जावी म्हणून मोठ्या जाहिराती लाविल्या होत्या. वयाचा नियम नव्हता, वेळेचा होता. त्या काळच्या प्रेक्षकास वाटेल तेव्हां आंत शिरून पुढच्या खेळांत मागचा भाग पाहण्याची सवय होती; अशा प्रेक्षकास नायिका मेल्यावर आंत आल्यास जाहिरातींतील प्रमुख नटी जेनेट ली हिचें दर्शनहि होणार नव्हतें. या नियमाचें कारण मुलें नसून कथेची रचना होती. या रचनेकडे पुढें परत यावयाचें आहे.

अमेरिकेंत वयाच्या पायऱ्या १ नोव्हेंबर १९६८ पासून सुरू झाल्या. त्या पद्धतींत ‘सायको’स प्रथम ‘एम’ हा शेरा मिळाला. त्याचा अर्थ, चित्रपट प्रौढ समजाच्या प्रेक्षकांसाठीं सुचविला आहे. पण दार कोणासहि बंद नाहीं. पुढें १९८४ सालीं त्याच चित्रपटास ‘आर’ हा शेरा देण्यांत आला, आणि सतराच्या आंतील मुलास पालकाशिवाय प्रवेश नाहीं असें ठरलें. म्हणजे चोवीस वर्षांत अमेरिकेचा निर्णय पायरीपायरीनें कडक होत गेला. १९६० सालीं ज्या मुलानें एकट्यानें तिकीट काढून तो पाहिला असेल, त्याच्या मुलास पंचवीस वर्षांनीं बापाचें बोट धरून जावें लागलें असतें.

इंग्लंडांत प्रवाह उलट दिसतो. तेथील परीक्षणमंडळ १९१२ सालीं स्थापन झालें व १९१३ पासून ‘यू’ आणि ‘ए’ अशीं दोन प्रमाणपत्रें देऊं लागलें. अंतिम अधिकार स्थानिक संस्थांचा. त्यांपैकीं अनेकांनीं ‘ए’ चित्रपटास सोळाखालील मुलानें वडील माणसासहच यावें असा नियम केला. (डिस्नेच्या ‘स्नो व्हाइट’ या व्यंगचित्रपटास १९३८ सालीं तेथें ‘ए’ मिळालें होतें, हें आज कोणास खरें वाटणार नाहीं. चेटकिणीस मुलें भितील असें परीक्षकांस वाटलें. कित्येक गांवांनीं तो निर्णय फिरवून मुलांस मोकळें सोडलें.) भयपटांसाठीं १९३७ पासून ‘एच’ हा वर्ग झाला, व १९५१ सालीं त्याच्या जागीं ‘एक्स’ आला. ‘सायको’स १९६० सालीं कांहीं काटछाट करून ‘एक्स’ मिळाला. १९८६ सालीं घरगुती चित्रफितीसाठीं तोच चित्रपट पुन्हां परीक्षणास आला, तेव्हां त्यास ‘१५’ हा शेरा मिळाला. ‘एक्स’वरून ‘१५’वर येणें ही मोठी उतरण वाटते, आणि ‘पूर्वींचे लोक भित्रे होते, आतांचे धीट झाले’ असें अनुमान पुष्कळांनीं काढलें आहे.

हें अनुमान चुकीचें आहे असें आमचें मत आहे. ‘एक्स’ या अक्षराची दहशत पुढच्या काळांतील आहे. १९७० सालीं या वर्गाची मर्यादा अठरा वर्षांवर नेण्यांत आली. १९६० सालीं ती सोळा होती. आणि ‘१५’ ही पायरी १९६० सालीं अस्तित्वांतच नव्हती. ती १९८२ सालीं आली. तेव्हां १९६० सालच्या परीक्षकापुढें दोनच वाटा होत्या : ‘ए’ देऊन कोणत्याहि वयाच्या मुलास बापाबरोबर येऊं द्यावें, किंवा ‘एक्स’ देऊन सोळाच्या आंतील सर्वांस थांबवावें. त्यानें दुसरी धरिली. सव्वीस वर्षांनीं त्याच्या वारसानें, अधिक पायऱ्यांची शिडी हाताशीं असतां, सोळाचे पंधरा केले. फरक काय तो एका वर्षाचा. शिक्क्यावरील अक्षर बदललें, निवाडा जवळजवळ तोच राहिला. होन आणि रुपया यांचा त्या त्या सालचा भाव न पाहतां वसुलाची तुलना करणारा जी चूक करितो तीच ही.

हीच कसोटी अमेरिकेच्या शेऱ्यास लाविली म्हणजे आमच्या स्नेह्यांच्या दोन दाखल्यांतील विरोध बराचसा मावळतो. ‘पालकांच्या सोबतीनें पाहावा’ असा अर्थ त्यांनीं लाविला. मूळ शेऱ्यांत ‘पाहावा’ असें कांहीं नाहीं. ‘पालकाशिवाय प्रवेश नाहीं’ एवढेंच आहे. पालक बरोबर असला म्हणजे चित्रपट निरुपद्रवी होतो असें तें प्रमाणपत्र म्हणत नाहीं. निर्णय आम्हीं केला नाहीं, तो पालकानें करावा, असें म्हणतें. दोन्ही देशांस हें मान्य आहे कीं, पंधरा-सोळाच्या आंतील मुलानें हा चित्रपट एकट्यानें पाहूं नये. मतभेद आहे तो पालकाच्या अधिकाराविषयीं : इंग्लंडचें मंडळ तो अधिकार आपल्याकडे ठेवितें, अमेरिकेचें तो घरीं परत पाठवितें. आजोबांस वाटलें कीं अमेरिकेनें त्यांस परवानगी दिली. वस्तुतः तिनें त्यांस न्यायाधीश नेमलें होतें.

आपल्या देशांतील शिडी कशी घडली तेंहि येथें थोडक्यांत नमूद करितों. १९१८ च्या कायद्यानें मुंबई, कलकत्ता, मद्रास व रंगून येथें १९२० सालीं परीक्षणमंडळें झालीं. त्यांच्या शिक्क्यांत वयाचा भेद नव्हता. तो १९४९ च्या दुरुस्तीनें आला : ‘यू’ सर्वांसाठीं, ‘ए’ अठरा वर्षांवरील प्रौढांसाठीं. मधली पायरी, म्हणजे पालकाच्या विचारानें पाहावयाची ‘यूए’, १९८३ सालीं झाली, आणि २०२३ च्या दुरुस्तीनें तिचे सात, तेरा व सोळा वर्षें असे तीन भाग पडले. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या ‘अ टेल ऑफ फोर सिटीज’ या अनुबोधपटाच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९७० सालीं पूर्वपरीक्षण ग्राह्य ठरविलें, तेव्हां सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनीं असें कारण दिलें कीं, चित्रपट इतर कलांहून भावना अधिक हालवितो, व कोंवळ्या वयाचीं मुलें समोरचें खरें धरून चालण्यास प्रौढांहून लवकर तयार होतात. हा विचार न्यायालयांतला असला तरी कोणत्याहि आजीस ठाऊक असलेला आहे.

बाह्य पुराव्याचें येथें संपतें. परंतु तो कोणत्या प्रतीविषयीं आहे हें पाहणें राहिलें. हस्तलिखितांचे संग्राहक या भागाकडे विशेष लक्ष देतील, कारण ‘सायको’चे पाठभेद पाहण्यासारखे आहेत. इंग्लंडच्या परीक्षकांनीं सुरीच्या वारांचे आवाज व उघड्या अंगाचे तुकडे कमी करविले. न्यूझीलंडांत नॉर्मन हातांवरचें रक्त धुतो त्या तुकड्यावर आक्षेप आला. सिंगापुरांत स्नानगृहाचें दृश्य जसेंच्या तसें राहूं दिलें, आणि आर्बोगास्टचा खून व आईच्या प्रेताचें दर्शन काढून टाकलें. आयर्लंडांत १९६० सालीं सरळ बंदीच झाली. पुढील वर्षीं सुमारें ४७ फूट फीत आधींच कापून प्रत सादर केली, तरी परीक्षकानें आणखी सात ठिकाणीं कात्री लावावयास सांगितलें. मिनिटास ९० फूट या हिशेबानें ४७ फूट म्हणजे अर्धें मिनिट. १०९ मिनिटांच्या ग्रंथांतून अर्ध्या मिनिटाचा मजकूर गाळला तरी तो परीक्षकास सोंवळा वाटला नाहीं.

पुढें दूरचित्रवाणीचा प्रकार झाला. सी.बी.एस. या अमेरिकन संस्थेनें १९६६ सालीं हक्क विकत घेतले व सप्टेंबर महिन्यांत प्रक्षेपणाचा दिवस जाहीर केला. त्याच्या थोडेच दिवस आधीं इलिनॉय प्रांतांत सेनेटच्या एका उमेदवाराच्या कन्येचा घरांत शिरून खून झाला. प्रक्षेपण पुढें ढकललें, व अखेर त्या संस्थेनें तो बेतच सोडून दिला. चित्रपटांत एक अक्षर बदललें नव्हतें, पण भोंवतालचा काळ बदलतांच तो घरांत दाखविण्याजोगा राहिला नाहीं. शेवटीं, जर्मनींत दाखविल्या जाणाऱ्या प्रतींत कांहीं तुकडे अधिक आहेत हें अभ्यासकांच्या ध्यानांत आलें : मॅरियन वस्त्रें उतरविते तो प्रसंग, नॉर्मनचे रक्ताळलेले हात, व आर्बोगास्टवरील वार, अशा तीन जागीं. सारें मिळून अर्ध्या मिनिटाहूनहि कमी. हा विस्तृत पाठ २०२० सालीं षष्ट्यब्दीच्या निमित्तानें अधिकृतपणें प्रसिद्ध झाला. म्हणून ‘सायको पाहिला’ असें कोणी म्हटलें तर ‘कोणता?’ असें विचारण्यास जागा आहे.

या पाठभेदांवरून एक गोष्ट उघड होते. एका देशानें जें गाळलें तें दुसऱ्यानें ठेविलें. नेमकें अपायकारक स्थळ कोणतें याविषयीं परीक्षकांचें कधींच एकमत झालें नाहीं. आमच्या स्नेह्यांचाहि असाच एक बेत होता : स्नानगृहाचा प्रसंग आला कीं चित्र पुढें पळवावें, म्हणजे काम भागेल. तो प्रसंग अवघा पाऊण मिनिटाचा. १९५९ च्या डिसेंबरांत सात दिवस खपून घेतलेला. रक्ताऐवजीं चॉकोलेटचा पाक वापरलेला. तेवढा गाळला तर उरलेला चित्रपट मुलांस चालेल काय?

आम्हांस तसें वाटत नाहीं, आणि हें सांगण्यासाठीं अंतर्गत पुराव्याकडे वळलें पाहिजे. या चित्रपटाची भीति रक्तांत नाहीं, रचनेंत आहे. पहिलीं पाऊण तास कथा मॅरियनच्या डोळ्यांनीं चालते. तिनें चोरी केली आहे, तिला पश्चात्ताप होतो, पैसे परत करण्याचें ती ठरविते आणि अंगावर पाणी घेते. गोष्टी ऐकण्याची सवय असलेलें मूल येथें निःश्वास टाकतें : आतां ती घरीं जाणार. त्याच क्षणीं तिला मारून टाकलें जातें, आणि उरलेल्या तासाभरांत मुलानें कोणाचें बोट धरावें? दिग्दर्शक तें नॉर्मनच्या हातांत देतो. तो स्नानगृह धुतो, प्रेत गाडींत घालतो, गाडी दलदलींत ढकलतो; गाडी बुडतां बुडतां थांबते, आणि आपण श्वास रोखून ती बुडावी अशी इच्छा करितों. प्रौढ प्रेक्षक या ठिकाणीं स्वतःस पकडतो, आणि चित्रपटाचें मोठेपण आम्हांस येथेंच वाटतें. नऊ वर्षांचें मूल स्वतःस पकडूं शकत नाहीं. त्यास फक्त एवढेंच कळतें कीं, धरलेला हात सुटला.

दुसरी गोष्ट स्थळाची. स्मशान किंवा पडका वाडा टाळतां येतो. न्हाणीघर टाळतां येत नाहीं. आपल्या मुलीनें ‘सायको’ पाहिल्यापासून शॉवरखालीं उभें राहणें सोडलें, अशी तक्रार करणारें एका बापाचें पत्र आल्याचें हिचकॉक सांगत असे, व तिला धुलाईच्या दुकानांत पाठवा असें आपण उत्तर दिल्याचेंहि सांगत असे. ऐकणारे हंसत. त्या मुलीचें पुढें काय झालें हें कोणी विचारलेलें दिसत नाहीं. खुद्द जेनेट ली हिनेंहि, चित्रपट पाहिल्यावर आपण शॉवर घेणें सोडलें असें सांगितलें आहे. पाक कोठें होता आणि सुरी कोठें थांबली हें तिच्याइतकें कोणासच ठाऊक नव्हतें.

तिसरी गोष्ट आईची, व हीच आम्ही सर्वांत जड समजतों. भ्यालेलें मूल ज्या शब्दाकडे धांव घेतें तोच शब्द येथें भीतीचें मूळ करून ठेविला आहे. शेवटीं मानसोपचारतज्ज्ञ येऊन दुभंगलेल्या मनाचा उलगडा करितो. तो प्रवेश लांबलेला आहे अशी जाणत्यांची तक्रार आहे, आणि ती आम्हांस मान्य आहे. पण मुलास तर त्यांतील एक वाक्यहि उपयोगी नाहीं. त्यास तळघरांत खुर्ची फिरल्यावर दिसलेला चेहरा तेवढा आठवणार. डोळे झांकण्याचा उपायहि येथें लंगडा आहे. खुनाच्या प्रसंगीं संगीत नको असा हिचकॉकचा प्रथम विचार होता. हरमनच्या तारांचें किंचाळणें ऐकून त्यानें तो बदलला. डोळे मिटले तरी कान उघडेच राहतात.

हें केवळ आमचें तर्कट नव्हे, हें दाखविणारीं मापेंहि झालीं आहेत. पेन फंडाच्या साह्यानें अमेरिकेंत १९२९ पासून चित्रपट व मुलें यांचें संशोधन झालें, व त्याचे ग्रंथ १९३३ सालापासून प्रसिद्ध झाले. ओहायोंत मुलांच्या पलंगांस यंत्र जोडून चित्रपट पाहिल्यानंतरच्या रात्रींची तळमळ मोजली. आयोवांत डायसिंगर व रकमिक यांनीं बोटांस विद्युन्मापक लावून पाहिलें, तेव्हां संकटाच्या दृश्यांनीं लहान मुलें अधिक हालतात व प्रणयाच्या दृश्यांनीं सोळा-अठराचीं, असें आढळलें. याच संशोधनावर फोरमन नांवाच्या लेखकानें एक लोकप्रिय पुस्तक लिहून सारा दोष चित्रपटांवर टाकला. मूळ संशोधकांची भाषा त्याहून पुष्कळ सावध होती. पत्रें आणि बखर यांत जें अंतर असतें तेंच येथें होतें, आणि नेहमीप्रमाणें बखरच अधिक वाचली गेली. पुढें जोअन कँटर या संशोधिकेनें वयाचा भेद अधिक स्पष्ट केला : अगदीं लहान मूल दिसण्यांत भयंकर असेल त्यास भितें, आठ-नऊ वर्षांपुढील मूल घडण्यासारखें जें असेल त्यास भितें. त्या वयास ‘हें रक्त नव्हे, पाक आहे’ या समजुतीचा उपयोग होत नाहीं, कारण तें रक्तास भ्यालेलेंच नसतें. क्रिस्टन हॅरिसन व कँटर यांनीं १९९९ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकीं सुमारें नव्वद टक्क्यांनीं लहानपणीं पाहिलेल्या एखाद्या भयप्रसंगाचा टिकून राहिलेला परिणाम सांगितला, आणि चौथ्या हिश्शाच्या आसपास विद्यार्थ्यांत ती अस्वस्थता तेव्हांहि उरली होती.

आम्हीं इतकें कळविल्यावर आमच्या स्नेह्यांचें जें उत्तर आलें तें सोडून देण्यासारखें नव्हतें. त्यांनीं लिहिलें, “आम्हीं चार वर्षांचे असतां नरसिंहानें हिरण्यकशिपूचें पोट फाडलेलें ऐकलें. अफझलखानाची आंतडीं पोवाड्यांत ऐकलीं, आणि त्यानंतर शांत झोपलों. आमच्या नातवंडांस तुम्ही काचेच्या कपाटांत ठेवणार काय?” आक्षेप रास्त आहे, व रक्ताचें माप घेतलें तर त्याचाच जय होईल. परंतु त्या कथांत सांगणारा पहिल्या वाक्यापासून ऐकणाऱ्यास आपल्या बाजूस बसवून घेतो. प्रल्हाद वांचणार हें मुलास आधींच ठाऊक असतें, आणि महाराज गडावर परत येणार हेंहि. मरणारा कां मरतो हें त्यास कळतें. शिवाय पोवाडा ऐकतांना खानाचा चेहरा मूल स्वतः, आपल्या बेताचा, करून घेतें; पडद्यावरचा चेहरा दुसऱ्यानें केलेला असतो. ‘सायको’मध्यें मरणाऱ्या बाईनें मारणाऱ्याचें कांहींच वांकडें केलेलें नसतें, आणि मारणारा थोड्याच वेळापूर्वीं तिला दूध व भाकरी देऊन गोड बोललेला असतो. दोन्हीकडे सुरी तीच असली तरी मुलाच्या पायांखालची जमीन एकीकडे शाबूत राहते, दुसरीकडे काढून घेतली जाते. ती काढून घेणें हेंच या चित्रपटाचें काम आहे, व तें तो उत्तम करितो. म्हणूनच तो ज्यांच्या पायांखालीं जमीन नुकतीच घट्ट होऊं लागली आहे त्यांच्यासाठीं नाहीं.

यावरून आम्हीं दिलेला अभिप्राय असा : नऊ वर्षांच्या नातवास चित्रपट दाखवूं नये, कांहीं गाळून, पुढें पळवून किंवा मांडीवर घेऊनहि दाखवूं नये. बारा वर्षांच्या नातीस तूर्त थांबवावें, आणि दोन-तीन वर्षांनीं, तिची इच्छा कायम असल्यास, दिवसाउजेडीं, शेजारीं बसून, आरंभापासून अखेरपर्यंत एका बैठकींत दाखवावा. अर्ध्यावर उठूं देऊं नये, कारण अर्धा पाहिलेला ‘सायको’ पुऱ्या पाहिलेल्याहून वाईट. उलगडा कितीहि कंटाळवाणा असला तरी त्या वयास तो लागतो. नातीविषयींचें आमचें मत नातवाविषयींच्या मताइतकें पक्कें नाहीं, हें आम्ही मोकळेपणें सांगतों. बारा वर्षांचीं सर्व मुलें सारखीं नसतात, आणि त्या मुलीस आम्हीं पाहिलेलें नाहीं. आजोबांनीं पाहिलें आहे. मात्र कांहींहि करण्यापूर्वीं त्यांनीं स्वतः चित्रपट एकदां एकट्यानें पाहावा, व पाहतांना आपली प्रत कोणत्या पाठाची आहे तें तपासावें, अशी विनंति केली होती.

ती त्यांनीं मान्य केली. नातवंडें झोपल्यावर रात्रीं साडेदहास बसून त्यांनीं तो पाहिला. नातवाचा प्रश्न निकालांत निघाला असें त्यांच्या पत्रांत आहे. नातीविषयीं आमच्याशीं त्यांचें अजून जमलेलें नाहीं, व ती दिवाळींत पुन्हां येणार आहे. ताजा कलमांत त्यांनीं कळविलें आहे कीं, त्यांच्या प्रतींत नॉर्मनचे रक्ताळलेले हात लगेच दृष्टीआड होतात व आर्बोगास्टवर शेवटीं दोनच वार दिसतात. तेव्हां त्यांची प्रत त्रोटक पाठाची होय.